शाळेतील शिस्त व न्याय
शिक्षक, उपदेशक व आईबाप यांच्यासाठी एक पाठ

शाळा म्हटली की शिस्त आलीच. चाळीस-पन्नास मुले एका खोलीत बसावयाची, एकाने वाचावयाचे व इतरांनी ऐकावयाचे, तर काही नेम हा पाहिजेच. याविषयी कोणाचा वाद नाही. वाद आहे तो इतकाच की, हा नेम मुलांच्या अंगी बाणवावा कसा? पुष्कळांचे उत्तर तयार असते : छडीने. आमचे उत्तर निराळे आहे, आणि ते कोणत्या आधारावर उभे आहे हे या पाठात सांगावयाचे आहे. खेड्यांतील शाळांत शिकविणारे, संध्याकाळचे वर्ग व शब्बाथ शाळा चालविणारे, आणि आपली मुले शाळेत पाठविणारे, अशा सर्वांनी तो मिळून वाचावा व त्यावर बोलावे, अशी आमची विनंती आहे.

१. मूल कोठून येते ते आधी पाहा

नंदुरबार तालुक्यातील रनाळे हे गाव डोळ्यांपुढे आणा, किंवा त्याच मुलखातील दुसरे कोणतेही खेडे घ्या. अशा गावच्या शाळेत पहिल्या वर्गात बसणारे मूल घरी अहिराणी बोलते, भिल्ली बोलते किंवा आणखी एखादी बोली बोलते. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. गुरुजींनी प्रश्न विचारला आणि मूल गप्प राहिले, तर गुरुजींस वाटते की ते हट्टी आहे. खरे पाहता त्यास प्रश्नच कळलेला नसतो.

आता हंगाम पाहा. नंदुरबारची मिरची दूरवर प्रसिद्ध आहे. मिरचीची तोडणी व कापसाची वेचणी सुरू झाली की घरातील प्रत्येक हात शेतात लागतो. आई वेचणीस गेली की धाकट्या भावंडास सांभाळण्याचे काम आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे येते. या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत, सुरत-बारडोलीच्या बाजूस जातात, ती उन्हाळ्याच्या सुमारास परततात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. चार-पाच महिन्यांनी ते मूल वर्गात येऊन बसते तेव्हा पुस्तक पुढे गेलेले असते, मागचे विसरलेले असते, आणि वही असतेच असे नाही.

अशा मुलास उशीर झाला, धडा आला नाही, वही नाही, कपडे मळके आहेत, म्हणून जर छडी बसली, तर शिक्षा कोणाच्या अपराधाची झाली? गरिबी हा अपराध नव्हे. परकी भाषा न समजणे हा अपराध नव्हे. आईबापांबरोबर पोटासाठी परगावी जाणे हाही अपराध नव्हे. ज्या गोष्टी मुलाच्या हातच्या नाहीत, त्यांबद्दल त्यास शिक्षा करणे यास शिस्त म्हणता येत नाही. तो अन्याय आहे. आणि मूल लहान असले तरी त्यास अन्याय बरोबर कळतो.

२. शाळा सोडून गेलेले साक्षीस येत नाहीत

येथे कोणी म्हणतील : "आम्हीही मार खाल्ला. आम्ही अंगठे धरले, कोंबडा झालो, म्हणूनच चार अक्षरे शिकलो." हे म्हणणे आम्ही पुष्कळ वेळा ऐकतो, व म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण यात एक मोठी चूक दडलेली आहे. मार खाऊनही जे शाळेत टिकले, तेच आज ही साक्ष देत आहेत. मार खाऊन ज्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेची वाट सोडली आणि गुरांमागची धरली, ते साक्ष देण्यास येत नाहीत. ते कोणा सभेत बोलत नाहीत, वर्तमानपत्रात लिहीत नाहीत. त्यांची नावे हजेरीपटावर काही दिवस राहतात व मग गळून पडतात. छडीचा हिशेब करावयाचा तर या गळालेल्या नावांसकट करावा.

शहरातील सुखवस्तू घरच्या मुलाने शाळा सोडण्याचे मनात आणले, तर घरची माणसे त्यास धरून परत पाठवितात. रनाळ्यासारख्या ठिकाणी मजुराच्या मुलाने शाळा सोडली, तर त्याच संध्याकाळी त्याच्या हाती काम पडते, व चार पैसेही येतात. त्यास परत आणणारे कोणी नसते. म्हणून जेथे शाळेचा धागा आधीच बारीक आहे, तेथे एका थपडेने तो तुटू शकतो. हीच या विषयातील खरी जोखीम आहे.

मार ही एखाददुसऱ्या शाळेतील गोष्ट होती असेही नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत पाहणी करून २००७ साली अहवाल प्रसिद्ध केला. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी शेकडा ६५ मुलांनी, म्हणजे तिघांतील दोघांनी, शाळेत मार खाल्ल्याचे त्यात सांगितले.

३. कायदा काय म्हणतो

पोलंड देशाने शाळेतील मार १७८३ सालीच बंद केला. स्वीडन देशाने १९७९ साली घरातील मारही कायद्याने बंद केला. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालकांच्या हक्कांचा करार मान्य केला. शाळेतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेस शोभेल अशीच असावी, असे त्याच्या २८व्या कलमात आहे. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २००० सालच्या डिसेंबरात, छडीस मुभा देणारे तेथील शाळांचे नियम रद्द ठरविले.

त्यानंतर बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला, व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याचे १७वे कलम प्रत्येक शिक्षकाने व पालकाने ध्यानात ठेवावे. कोणत्याही बालकास शारीरिक शिक्षा करता येणार नाही, व त्याचा मानसिक छळही करता येणार नाही, असे ते सांगते; आणि हे मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई व्हावी असेही सांगते. मानसिक छळ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हात न लावताही मुलास घायाळ करता येते. जातीवरून, गावावरून, बोलीवरून, बापाच्या व्यसनावरून किंवा आईच्या मजुरीवरून चारचौघांत बोलणे हा छडीहून खोल जाणारा मार आहे.

अल्पसंख्याक समाजांनी चालविलेल्या शाळांस हा कायदा लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. मिशनच्या शाळांचा यात समावेश होतो, म्हणून ही गोष्ट येथे सांगणे भाग आहे. पण त्यामुळे कोणास मारण्याची मोकळीक मिळाली, असे कोणीही समजू नये. बालकांच्या संरक्षणाचा २०१५ सालचा कायदा निराळा आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच त्यास क्रूरपणे वागविले, तर त्याच्या ७५व्या कलमाप्रमाणे तो गुन्हा होतो. आणि शिवाय, जी गोष्ट शेजारच्या सरकारी शाळेत अन्याय ठरते, ती आपल्या शाळेत न्याय कशी ठरावी?

४. नीतिसूत्रांतील काठी

आमच्या मंडळ्यांतील काही जण नीतिसूत्रांच्या पुस्तकाचा आधार घेतात. त्यात मुलास वळण लावण्याच्या संबंधात काठीचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु तेथे जो इब्री शब्द आहे, तोच २३व्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी आला आहे, आणि तेथे ती काठी धीर देणारी म्हटली आहे. मेंढपाळ काठीने श्वापदे हाकलतो, मेंढरे मोजतो, चुकलेल्यास वाटेवर आणतो. आपल्या भागात मेंढरे घेऊन उतरणारे ठेलारी बांधव आपण पाहिले आहेत. मेंढरांस झोडपून त्यांचे पाय मोडणारा मेंढपाळ त्यांच्यात शहाणा गणला जात नाही. वळण लावण्याची जबाबदारी त्या वचनाने आपणावर टाकली आहे. ती पार पाडण्यास अधिक श्रम लागतात; मारणे हे त्या श्रमांतून पळ काढणे होय.

५. अमळनेरचे छात्रालय

पण मारावयाचे नाही तर करावयाचे काय? याचे उत्तर खानदेशातच मिळते. नंदुरबाराहून पूर्वेस जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर अमळनेर आहे. तेथील प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ साली शिक्षक म्हणून आले, व पुढे त्यांच्याकडे मुलांचे छात्रालय सोपविण्यात आले. हेच आपले साने गुरुजी.

छात्रालयातील मुलांनी खोल्या झाडलेल्या नसत, कपडे इतस्ततः पडलेले असत. गुरुजींनी दंड बसविला नाही. मुले वर्गात गेली की ते स्वतः खोल्या झाडीत, कपड्यांच्या घड्या घालीत, मळके कपडे धूत. हे कोण करते, हे मुलांच्या ध्यानी आल्यावाचून राहिले नाही. मग त्यांची त्यांनाच लाज वाटू लागली, व ती आपले काम आपण करू लागली. मुलांशी बोलण्यासाठी गुरुजींनी हाताने लिहिलेले एक दैनिकही छात्रालयात चालविले. १९३० साली ते स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. म्हणजे हे काम त्यांनी सारे मिळून सहा वर्षे केले. पण त्या सहा वर्षांची आठवण खानदेशात आजही आहे.

प्रत्येक शिक्षकाने मुलांचे कपडे धुवावे, असे आम्ही म्हणत नाही. यातून घ्यावयाचे ते हे की, जो नेम मुलांनी पाळावा असे आपणास वाटते, तो आधी आपण पाळावा. उशिरा येणाऱ्या शिक्षकाने उशिराबद्दल मुलास उभे करणे हे मुलांस हास्यास्पद वाटते. ती हसत नाहीत ती केवळ भयाने. वेळेवर शाळेत येणे हे २००९ च्या कायद्यानेही शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे.

६. कोसबाडची कुरणशाळा

दुसरे उदाहरण आदिवासी मुलांचेच आहे, म्हणून ते आपणास अधिक जवळचे वाटेल. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाड येथे गेले. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, आज तो पालघर जिल्ह्यात आहे.

तेथील वारली मुले शाळेत येत नसत. आली तर टिकत नसत. या दोघींनी मुलांस दोष दिला नाही. मुले का येत नाहीत, याचा त्यांनी शोध केला. काही मुले गुरे चारावयास जात. त्यांच्यासाठी कुरणावरच शाळा भरविली, तीच कुरणशाळा. मुली भावंडे सांभाळीत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. मग थोरली बहीण वर्गात व धाकटे पाळण्यात, असे होऊ शकले. मुले अंगणातून हलत नसत, तेव्हा अंगणातच वर्ग भरविले. गैरहजेरीबद्दल छडी मारली असती तर गैरहजेरी वाढली असती. तिचे कारण शोधून काढले, म्हणून हजेरी वाढली.

७. न्यायाचे पाच नेम

या दोन उदाहरणांवरून व एकंदर अनुभवावरून आम्ही पाच नेम मांडतो. ते कोणत्याही शाळेत, पैशाच्या खर्चाशिवाय, उद्यापासून चालविता येतील.

पहिला नेम : नियम थोडे असावेत व आधी सांगितलेले असावेत. चार-पाच नियम पुरेत. ते मुलांच्या बोलीत समजावावे, व शक्य तर मुलांस विचारून ठरवावे. जो नियम सांगितलाच नाही, तो मोडल्याबद्दल कोणास दोषी धरू नये.

दुसरा नेम : चौकशी आधी, निकाल मागून. मूल उशिरा आले तर "इतका उशीर का?" असे ओरडण्याऐवजी जवळ बोलावून हळूच "काय जायं रे?" असे त्याच्या बोलीत विचारावे. मुलांचे भांडण असेल तर प्रथम त्यांस वेगळे करावे, ज्यास लागले आहे त्याची काळजी घ्यावी, मग दोघांचे निरनिराळे ऐकावे. रागाच्या भरात निकाल देऊ नये; मधल्या सुटीपर्यंत थांबल्याने काही बिघडत नाही.

तिसरा नेम : उपाय चुकीस शोभेल असा असावा. सांडले तर पुसावे, फाडले तर चिकटवावे, दुखविले तर क्षमा मागून एखादे उपयोगी काम करून द्यावे. यात मूल आपले नुकसान आपण भरून काढण्यास शिकते. दुपारचे जेवण बंद करणे, उन्हात उभे करणे, एकाच्या चुकीबद्दल साऱ्या वर्गास शिक्षा करणे, या गोष्टी कधीही करू नयेत. जेवण हा मुलाचा हक्क आहे. ते बक्षीसही नव्हे व दंडही नव्हे.

चवथा नेम : सर्वांस एक माप. सरपंचाच्या मुलास जे माप, तेच शेतमजुराच्या मुलास. मुलास जे, तेच मुलीस. ख्रिस्ती कुटुंबातील मुलास जे, तेच इतरांस. मुले शिक्षकाचा कठोरपणा एक वेळ विसरतील, पण पक्षपात विसरत नाहीत. आणि प्रकरण मिटले की मिटले. जुनी चूक पुनःपुन्हा काढून मुलास 'चोर', 'वांड' अशी नावे पाडू नयेत. ज्या नावाने आपण त्यास रोज हाक मारू, तसे ते होत जाईल.

पाचवा नेम : चांगले दिसले की बोलून दाखवावे. वर्गात दिवसभर चुकाच मोजल्या गेल्या, तर लक्ष वेधण्यासाठी मूल चुकाच करू लागते. "शाबास" एवढ्यावर थांबू नये. काय चांगले केले ते सांगावे. "तू आज धाकट्यास पाणी काढून दिलेस, ते मी पाहिले," असे म्हटल्याने ते काम पुन्हा होते, व ऐकणाऱ्या दहांनाही वाट कळते.

८. एक उदाहरण

हे नेम कसे चालवावयाचे, हे एका कल्पित प्रसंगावरून पाहू. एका मुलाची नवी पेन्सिल हरवली व ती ऊसतोडीहून परतलेल्या मुलाच्या पिशवीत सापडली. वर्ग ओरडतो, "चोर, चोर." शिक्षकाने छडी उचलली तर प्रकरण दोन मिनिटांत संपते, आणि बहुधा त्या मुलाची शाळाही संपते.

आता दुसरी रीत. शिक्षक वर्ग शांत करतो. 'चोर' हा शब्द येथे चालणार नाही असे सांगतो. मधल्या सुटीत त्या मुलाशी एकट्याने बोलतो. मुलाजवळ लिहावयास काहीच नव्हते, व मागण्याची लाज वाटली, असे निघते. घेणे चूक होते, हे शिक्षक स्पष्ट सांगतो. ते झाकीत नाही. मुलगा पेन्सिल स्वतः परत देतो, चुकलो म्हणतो, व आठवडाभर वर्गाचे सामान वाटण्या-जमविण्याचे काम त्याच्याकडे येते. शिक्षक एका डब्यात पाच-सहा पेन्सिली ठेवतो; ज्यास नसेल त्याने घ्यावी व सायंकाळी परत ठेवावी. चुकीस चूक म्हटले गेले, नुकसान भरून निघाले, चुकीचे कारण दूर झाले, आणि मूल उद्या शाळेत येणार. शिस्त ती हीच. हिला अर्धा तास अधिक लागला. तो वाया गेला असे कोण म्हणेल?

९. आईबापांचे काम

आईबापांसही दोन शब्द. "गुरुजी, मुलगा ऐकत नाही, चांगला झोडा," असे म्हणून मूल शाळेत सोडणे आता बंद करावे. जो हक्क कायद्याने शिक्षकास नाही, तो आपण त्यास देऊ शकत नाही. तसेच शाळेतून निरोप आला म्हणून मुलास घरी मारू नये. नाहीतर शिक्षक खरे सांगण्यास कचरेल, व मूल लपविण्यास शिकेल.

२००९ च्या कायद्याप्रमाणे शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यातील निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. दुर्बळ घटकांतील पालकांसही त्यांच्या प्रमाणात जागा आहे. या जागांवर केवळ नावापुरते बसू नये. सभेस जावे, विचारावे, आणि ऊसतोडीस जाण्यापूर्वी शिक्षकांस सांगून जावे. मुलास मार बसला असे कळल्यास आरडाओरडा न करता प्रथम मुख्याध्यापकांकडे, मग समितीकडे जावे. तेथे दाद न लागल्यास स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे खेड्यांत बहुधा पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार द्यावी. तिचा निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा सांगतो. मूल संकटात असल्यास १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर मदत मागता येते, व त्यास पैसे पडत नाहीत.

ज्या मुलास शाळेत न्याय मिळाला, ते मोठे होऊन पंचांत बसले तर न्याय देईल. ज्याने केवळ बलवानाचा हात पाहिला, ते हात बलवान होण्याची वाट पाहील. पुढचा गाव कसा असावा, हे आजच्या वर्गात ठरत आहे. म्हणून वाचकहो, आपल्या शाळेचा हजेरीपट एकदा काढून पाहा. त्यावरून जी नावे गळाली, त्यांच्या घरी जा, आणि ती का गळाली हे विचारा.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील कोणती मुले गेल्या वर्षी शाळेत होती व आज नाहीत? त्यांची कारणे कोणती?
२. मुलांच्या कोणत्या वागणुकीस आपण अपराध समजतो, पण ती वास्तविक गरिबीची किंवा भाषेची अडचण असते?
३. पाच नेमांपैकी आपल्या शाळेत किंवा वर्गात कोणता सर्वांत कमी पाळला जातो? तो या महिन्यात कसा आरंभावा?
४. आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत कोण पालक आहेत? तिची सभा शेवटी केव्हा झाली, व आपल्यापैकी कोण गेले?
५. ऊसतोडीहून परतणाऱ्या मुलांस मागील धडे भरून काढण्यासाठी मंडळीतील शिकलेले तरुण आठवड्यातून किती संध्याकाळ देऊ शकतील?